पहिल्या वर्षाला इंग्रजी लेखन की तत्त्वज्ञान?

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी हा प्रश्न येतोच. यंदा पारोळ्याच्या भाचीने विचारला, "मामा, बी.ए.ला एकच विषय निवडायचा राहिलाय. इंग्रजी लेखन घेऊ, का तत्त्वज्ञानाची ओळख?" मी पहिल्या वर्षाला दोन्ही पेपर दिले आणि पुढे एकच धरला. तिला जे सांगितलं तेच लिहितो. तासिका, श्रेयांक, गुणांची विभागणी कॉलेजच्या पत्रकात असते, त्यात शिरत नाही.

तत्त्वज्ञानाची ओढ आपल्या खानदेशात जुनी आहे. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजी आधी तिथे आले आणि मग गावातल्या शाळेत शिक्षक झाले. त्या वास्तूसमोर उभं राहिलं की मला आजही भरून येतं. विषयही गोड आहे. न्यायदर्शनातलं, म्हणजे तर्क कसा करावा हे सांगणाऱ्या जुन्या भारतीय शास्त्रातलं, पाच अवयवांचं (पाच पायऱ्यांचं) अनुमान पहिल्यांदा कळलं तो दिवस मला आठवतो: डोंगरावर आग आहे; कारण धूर आहे; जिथे धूर तिथे आग, जशी चुलीपाशी; या डोंगरावर तसाच धूर आहे; म्हणून आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आपण रोज जे मनात करतो ते कुणीतरी इतकं सुटं करून मांडलंय, याचं फार अप्रूप वाटलं.

पण एक गोष्ट मला खुपली आणि तिनेच माझा निर्णय केला.

चार्वाक म्हणजे प्रत्यक्ष दिसतं तेवढंच खरं धरणारे जुने विचारवंत. चाचणीत त्यांच्या प्रमाणविचारावर, म्हणजे ज्ञान खरं कशावरून मानायचं यावर, प्रश्न होता. मी चार पानं भरली. प्रत्यक्ष, अनुमान, व्याप्ती, शब्दप्रामाण्य, सगळे जड शब्द नीट पेरले. गुण चांगले पडले. संध्याकाळी ओट्यावर वडिलांना कौतुकाने सांगत होतो, तर त्यांनी साधंच विचारलं, "धूर दिसला तरी आग आहे असं ते मानत नाहीत, ते का रे?" मला सांगता येईना. उत्तर मी त्याच दुपारी लिहिलं होतं: जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, हे सगळीकडे, सगळ्या काळात जाऊन कुणी पाहिलेलं नाही, म्हणून ते अनुमानावर विसंबत नाहीत. शब्द माझ्या वहीत होते, अर्थ माझ्याजवळ नव्हता. आणि वर्षभरात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भारदस्त मराठी लिहिता येत असेल तर या पेपरात न समजताही निभावतं, याचा त्रास मला आजही होतो.

इंग्रजी लेखनात ही सोय नव्हती, कारण माझ्याकडे तितके शब्दच नव्हते. मॅडमनी पहिला परिच्छेद घरच्या कामावर लिहायला सांगितला. मी सावद्याच्या काकांकडची केळी कापणी घेतली. सुरुवात गाइडातली, 'इंडिया इज ॲन ॲग्रिकल्चरल कंट्री'. मॅडमनी ती ओळ पूर्ण खोडली. पुढे मी लिहिलं होतं, 'बनानाज आर कट'. त्याच्या बाजूला समासात लाल शाईने एकच शब्द होता, 'हू?' कोण कापतं? मग मला लिहावं लागलं: काका विळ्याने घड तोडतात, खांद्यावर गोणपाट टाकलेला माणूस तो खाली न टेकवता झेलतो, दोघं मिळून तो बांधावर आणतात. केळ्यांच्या फणीला इंग्रजीत काय म्हणतात, ते मॅडमनाही आठवेना. आम्ही दोघांनी शब्दकोशात शोधलं, तर 'हँड' निघालं. सात वाक्यांचा परिच्छेद मी चारदा लिहिला. चौथ्या वेळी जे कागदावर होतं ते सगळं मला तोंडी सांगता येत होतं.

अहिराणी बोलणाऱ्या पोरांना इंग्रजीची भीती जास्त असते, पण 'तो करस' (तो करतो) आणि 'तो करी ऱ्हायना' (तो करतोय) यातला फरक आपल्याला जन्मापासून कळतो. 'डज' आणि 'इज डूइंग' समजायला मला तोच उपयोगी पडला.

तत्त्वज्ञान कमी आहे असं मी म्हणत नाही. परिच्छेदात आधी म्हणणं, मग कारण, मग उदाहरण, ही शिस्त मला न्यायाच्या त्या पाच अवयवांनीच दिली. ज्या कॉलेजात सर वर्गात उभं करून "तुझं म्हणणं काय?" असं विचारतात, तिथे मी बिनदिक्कत तत्त्वज्ञान घे म्हणेन. तसंच जिथे इंग्रजीचे निबंध फळ्यावरून उतरवून घेतात, तिथे त्या पेपरात काही हाती लागणार नाही. चुलतभावाचं तसंच झालं. मोठ्या वर्गात वह्या तपासून येतच नसत.

तरी दोन्ही बरे शिकवले जात असतील तर मी इंग्रजी लेखनाकडे झुकेन. वाचन मागाहून स्वतः करता येतं. चार्वाक मला खरे कळले ते पुढे, अमळनेरच्या फेऱ्यांत, पुस्तक हातात घेऊन. पण आपलं वाक्य दुसऱ्याने खोडून "कोण?" म्हणून विचारणं, हे घरी बसून मिळत नाही.

भाचीला म्हटलं, अर्ज भरायच्या आधी मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलीची इंग्रजीची वही मागून बघ. समासात नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत का प्रश्न लिहिलेत, एवढंच बघ. ती सोमवारी जाणार आहे.