शिंजुकूत एकच संध्याकाळ: ओमोइदे योकोचो की गोल्डन गाई?

भाचा कामासाठी टोकियोला निघालाय, एकच संध्याकाळ मोकळी आहे. तिथल्या शिंजुकू भागात ओमोइदे योकोचो या खाण्यापिण्याच्या गल्लीत जाऊ की गोल्डन गाई या छोट्या बारांच्या बोळांत, असं विचारतोय. दोन्ही ठिकाणांची नाळ युद्धानंतरच्या काळ्या बाजाराशी जुळलेली, दोन्हीकडे बसायला वीतभर जागा.

खर्चात ओमोइदे योकोचो बरी. याकितोरीच्या, म्हणजे कोळशावर भाजलेल्या चिकनच्या, चार काड्या, एक बिअर, बिल आटोक्यात. गोल्डन गाईत बऱ्याच बारमध्ये नुसतं बसायचेच वेगळे पैसे पडतात, दारावरची पाटी आधी वाचावी.

पोटभर खायलाही ओमोइदेच. मात्र आतडी-काळीज ही तिथली खासियत, शाकाहारी माणसाची पंचाईत होते.

गप्पांना गोल्डन गाईला तोड नाही. सहा बोळांत दोनशेच्या वर बार, एकेकात जेमतेम सात-आठ खुर्च्या. कुठे जॅझ, कुठे पंक, कुठे सिनेमावाले. शेजाऱ्याशी कोपर लागतंच, मग बोलणंही होतं. १९८० च्या दशकात जागा रिकामी करून घेण्यासाठी आगी लावल्या जातील अशी धास्ती होती, तेव्हा या बोळांवर जीव असलेल्यांनी रात्री गस्त घातली. मला हे फार मोलाचं वाटतं. काही दारं फक्त ओळखीच्यांसाठी असतात. राग मानू नये. न विचारता फोटोही काढू नयेत.

भूक असेल, हाताशी तासभरच असेल तर ओमोइदे. जेवण झालंय, एकटे किंवा दोघे आहात, उशिरापर्यंत बसायचंय, तर गोल्डन गाई. मोठा घोळका असेल तर गोल्डन गाईचा नाद सोडा.