घाटात पिकअप जाणारी गाडी आणि आठ महिने वापरलेला ओबीडी स्कॅनर

आमची गाडी २०१४ची, डिझेल हॅचबॅक. खानापूर ते बेळगाव रोजचं जाणं-येणं, आणि मधूनअधून जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळीला मावशीकडे. गेल्या जूनपासून तिला एक खोड लागली. चढाला कितीही पाय दाबा, गाडी उचलायचीच नाही. बंद पडत नाही, धूर नाही, आवाज नाही, नुसती बैलगाडीच्या चालीने चालते. इंजिनचा दिवा कधी लागायचा, कधी नाही. बाजूला घेऊन चावी बंद केली, मिनिटभराने परत लावली की जणू काही झालंच नव्हतं.

मेस्त्रीच्या दारात नेली की दुखणं पळायचं. एकाने फेरी मारली आणि "एनू इल्ल सर, गाडी चलो ऐती" (काही नाही सर, गाडी चांगली आहे) म्हणून परत पाठवलं. दुसऱ्याने डिझेल फिल्टर बदलला, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ केला आणि तरी फरक पडेना तेव्हा डिझेलचा पंप काढायची भाषा सुरू केली. पंपाचा आकडा ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो.

जुलैत हा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर मागवला, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा. ईएलएम ३२७ चिपच्या जातीचा, हजाराच्या आत. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा, फोनला जोडायचा (पासवर्ड १२३४), बाकी काम अ‍ॅप करतं. दिवा लागलेला नसतानाही एक कोड 'पेंडिंग', म्हणजे नोंदलेला पण अजून पक्का न झालेला, दाखवत होता: पी२१३८. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पेडलमधल्या दोन सेन्सरांचं, डी आणि ईचं, एकमेकांशी जुळत नाही. हल्लीच्या गाड्यांत पेडलला केबल नसते. पाय किती दाबला ते दोन सेन्सर वेगवेगळ्या तारांवरून सांगतात. दोघांच्या सांगण्यात तफावत आली की कॉम्प्युटर कुणावरच विश्वास ठेवत नाही, ताकद आखडून टाकतो. त्यालाच लिंप मोड म्हणतात.

कोड वाचून मी लगेच नवं पेडल घेणार होतो. थांबलो ते बरं झालं. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर आपण शोधायचं.

खरा उपयोग झाला तो ग्राफचा. सुरुवातीला हौसेने दहा-बारा रीडिंग एकदम लावली आणि काहीच सापडेना, कारण स्वस्तातला स्कॅनर एकेक रीडिंग पाळीपाळीने विचारतो. यादी लांबली की क्षणभराचा झटका मधल्या मध्ये निसटतो. मग चारच ठेवली: पेडल डी, पेडल ई, रेलमधलं (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं) डिझेलचं प्रेशर आणि टर्बोचं प्रेशर. रेकॉर्डिंग लावून भावाला शेजारी बसवलं आणि वंटमुरी घाट चढलो. तिसऱ्या फेरीत सापडलं. पेडल डीची रेघ सरळ, ईची रेघ एकदम तळाला जाऊन परत वर. डिझेलचं प्रेशर पडलं ते त्यानंतर. आधी प्रेशर पडलं असतं तर मीच पंप काढायला सांगितला असता.

पेडलचा कनेक्टर काढला तर एका पिनेवर हिरवट गंज. पावसाळ्यात ओले बूट, ओली मॅट, दुसरं काय होणार. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दीड महिना निवांत गेला. ऑक्टोबरात परत तेच! या वेळी घराच्या दारातच चावी ऑन ठेवून, इंजिन न लावता, एका हाताने वायरिंग हळूहळू हलवत गेलो. कनेक्टरच्या चार बोटं मागे हात लागताच ईची रेघ नाचली. वरचं कव्हर धड, आतली तार तुटत आलेली. इलेक्ट्रिशियनने तेवढा तुकडा बदलला, पाचशेलासुद्धा आला नाही. त्यानंतर आजवर एकदाही नाही.

तक्रारी आहेतच. खोचून ठेवला की बॅटरी खातो. दिवाळीत चार दिवस गाडी उभी होती, धक्का मारावा लागला. गुडघ्याला लागतो. एबीएस, एअरबॅगचे कोड माझ्याकडचा वाचत नाही. आणि 'कोड पुसा' हे बटण हात शिवशिवला तरी मेस्त्रीला दाखवायच्या आधी दाबू नका. बिघाडाच्या क्षणी साठवलेली रीडिंगही त्यात जातात.

सध्या स्कॅनर भावकीतल्या एकाकडे नंदगडला गेलाय, त्याच्या गाडीचं मिसिंग (इंजिन मधेच फायरिंग चुकवतं ते) शोधायला. शिमग्याला साखळीला जायच्या आधी परत मिळाला म्हणजे झालं.