दोन रंग, एक फॉन्ट आणि आईंची लोणची: दहा महिने वापरून झाल्यावर

मिरजेच्या एका दुकानात आमचं लोणचं, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट एकाच फळीवर शेजारी शेजारी होतं. दुकानदारांनी मसाल्याचं बिल करता करता विचारलं, "वहिनी, ते मेतकूटपण तुमचंच होय?" दोन वर्षं माल देत होतो त्यांना.

चूक त्यांची नव्हती. लोणच्याचं लेबल एका प्रेसमध्ये झालेलं, मसाल्याचं दुसऱ्या, आणि मेतकुटाचं पाकीट दिराने एका रात्रीत मोबाइलवर केलेलं. नाव एकच, पण तीन वळणांचं. एका ठिकाणी 'घरची चव', दुसऱ्या ठिकाणी 'चव घराची'. सासूबाई घरून बरण्या विकायच्या तेव्हा हे चालून गेलं, कारण गिऱ्हाईक बरणी नाही, आईंना ओळखायचं. माल चाळीसेक दुकानांत जायला लागला आणि तिथे आई नव्हत्या.

गेल्या ऑगस्टमध्ये बसून सगळं एकसारखं केलं. यंदाचा कैरीचा हंगाम त्याच लेबलांवर गेला, म्हणून आता लिहिते आहे. आमचा संच अगदी साधा आहे: हळदीचा पिवळा (२४२, १६९, ०), गडद तपकिरी (७४, २८, १६; कंसातले आकडे म्हणजे पडद्यावर त्या रंगात लाल, हिरवा आणि निळा किती ते), मजकुराला मुक्ता फॉन्ट, नाव मात्र पेंटर काकांनी हाताने काढलेलं, आणि या सगळ्याचे नियम लिहिलेलं लॅमिनेट केलेलं एक पान, पॅकिंगच्या खोलीत खिळ्याला अडकवलेलं.

पहिलं भांडण रंगावरून झालं. आईंना पिवळ्यावर पांढरी अक्षरं हवी होती. "उठून दिसतंय की गं," असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही रंग कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मोजणाऱ्या एका फुकट साइटवर टाकले. आकडा जितका मोठा तितकं अक्षर उठून दिसतं. पिवळ्यावर पांढरं जेमतेम २:१, पिवळ्यावर तपकिरी ७:१. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत, त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ लागतं. ते निकष पडद्यासाठी आहेत, बरणीसाठी नाहीत, हे मलाही कळतं. पण अंदाज घ्यायला पुरतात. आकड्यांनी आई हलल्या नाहीत. शेवटी दोन नमुने छापून आणले आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली, चष्म्याशिवाय, त्यांच्या हातात दिले. पांढऱ्या अक्षरांची बरणी त्यांनी हात लांब करून धरली, मग जवळ आणली, मग परत लांब. "मुदत कुठं लिहिलीय यात?" मी काही बोलले नाही. "घाल तुझा तो तपकिरी," म्हणाल्या.

आमचं लोणचं घेणाऱ्यांत निम्म्या तरी त्यांच्याच वयाच्या बायका असतील, हे माझ्याही डोक्यात तोवर आलं नव्हतं.

मुक्ता घेतला कारण तो फुकट आहे आणि धंद्याला वापरायची रीतसर परवानगी आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा हा फॉन्ट, ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतो, सात जाडींमध्ये. बारीक आकारात तो स्वच्छ राहतो. अनुस्वार आणि रफार शाईत बुजत नाहीत. पण घटक पदार्थांची यादी ठळक जाडीत लावू नका. आम्ही पहिल्या खेपेला लावली आणि जोडाक्षरांच्या पोटात शाई भरली. आता मीडियम, म्हणजे मधल्या जाडीच्या वर जात नाही.

डिझाइनसाठी जे ॲप वापरतो त्याचा एक धडा फार महागात पडला. दोन ओळींमधलं अंतर त्यात इंग्रजीच्या हिशोबाने येतं. देवनागरीला वर वेलांट्या, रफार आणि खाली उकार, ऋकार, म्हणजे दोन्हीकडे जागा लागते. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रंगीत पट्टीखाली जातो. आमच्या गोड लोणच्यावर 'गूळ-लिंबू'चं 'गळ-लिंब' झालं. पाचशे स्टिकर. मोबाइलवर प्रूफ पाहिलं तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण आपण वाचत नसतो, आपल्याला माहीतच असतं काय लिहिलंय ते. तेव्हापासून पानावर नियम क्रमांक चार: प्रूफ कागदावर काढायचं आणि घरातल्या नसलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं.

नाव फॉन्टमध्ये का लावलं नाही, असं बरेच जण विचारतात. आमच्या नावात 'ल' आहे. कित्येक फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल असतो, पण तो यायला प्रोग्रॅमला भाषा मराठी आहे असं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर हिंदी वळणाचा येतो. आमच्या ॲपमध्ये ते सांगायची सोयच नाही. आईंना तो ल बघवेना. "हा आपला ल नाही." मग गावातल्या पेंटर काकांना बोलावलं, ज्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांनी कटनिबने, म्हणजे तिरक्या कापलेल्या टोकाच्या निबने, अर्ध्या तासात नाव काढून दिलं. ते स्कॅन करून घेतलं. अख्ख्या खटाटोपात सगळ्यात कमी पैसे तिथे गेले आणि लोक ओळखतात ते त्यालाच.

आता झाकणांची गोष्ट. तिखट लोणच्याला लाल झाकण आणि कमी तिखटाला हिरवं, ही आईंची जुनी पद्धत. नव्या संचातही ती तशीच ठेवली. ऑक्टोबरपासून तक्रारी यायला लागल्या: बरणी कमी तिखटाची, आत तिखट. पॅकिंगला एक मुलगा नवीन होता. मी दोनदा ओरडले त्याला. तिसऱ्यांदा तोच म्हणाला, "ताई, मला ही दोन झाकणं एकसारखीच दिसतात." त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि हे तो कामावर आल्यापासून लपवत होता. ते ऐकल्यावर मला त्या दोन ओरडण्यांची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जुन्या लेबलची काळी-पांढरी झेरॉक्स काढली. लेबलवरची झाकणाच्याच रंगाची लाल पट्टी आणि हिरवी पट्टी, दोन्ही एकाच राखाडी रंगाच्या. ही परीक्षा फुकटात होते. कुणीही करून बघा. आता झाकणावर मिरच्या छापल्या आहेत, कमी तिखटाला एक, तिखटाला तीन, आणि शेजारी शब्दात 'कमी तिखट', 'तिखट'. रंग ठेवले आहेत, पण ते फक्त शोभेला. त्यानंतर चुकीची बरणी गेलेली नाही. मागाहून लक्षात आलं की अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हेच केलं आहे. शाकाहारी खूण चौकटीतला हिरवा ठिपका, आणि मांसाहारीची पूर्वी चौकटीतला तपकिरी ठिपका होती. २०२०च्या लेबलिंग नियमांत तिचा त्रिकोण केला. रंग दिसो न दिसो, आकार दिसतो.

ठिपक्यावरून आठवलं. 'फक्त दोन रंग' असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत होते, आणि मग तो हिरवा ठिपका तिसरा आला, कारण तो हिरवाच लागतो. बारकोड चौथा. जुन्या लेबलवर बारकोड लाल छापला होता आणि पुण्याच्या दुकानातल्या स्कॅनरने तो वाचलाच नाही, कारण तसल्या स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला पांढऱ्यावरच्या लाल रेघा दिसतच नाहीत. आता सरळ पांढऱ्यावर काळा.

पिवळा मात्र अजून छळतो. मोबाइलवरचा पिवळा, फ्लेक्सवरचा आणि पाउचवरचा, तिघांची तोंडं तीन दिशांना. प्रेसवाल्याला आकडे पाठवून उपयोग झाला नाही. शेवटी एक स्टिकर पसंत पडला त्याचे वीस तुकडे कापले, प्रत्येकाच्या मागे तारीख घातली, आणि छपाईला जाताना एक तुकडा हातात द्यायचा. "याच्याशी जुळव." बऱ्यापैकी जुळतं. हळदीच्या सांगलीत पिवळा घेणारे आम्ही एकटे नाही, त्यामुळे छटा घसरली की आमची बरणी शेजाऱ्याची वाटते.

सगळ्यात मोठी उणीव डिसेंबरमध्ये कळली. अथणी आणि चिकोडीच्या दुकानदारांनी कन्नडमध्ये लेबल मागितलं. मुक्ताच्या घराण्यात देवनागरीशिवाय गुजराती, गुरुमुखी आणि तमिळ आहे, कन्नड नाही. हे आधी बघायला हवं होतं. मिरजेहून कर्नाटकची हद्द किती लांब आहे? एक टाइपच्याच बलू घराण्यात कन्नड आहे, बलू तम्मा नावाने, म्हणून मथळ्याला तो घेतला. तो गोल, गुबगुबीत आहे, लोणच्याला शोभतोही, पण बारीक मजकुरात जड पडतो. बारीक मजकुराला नोटो नावाच्या तिसऱ्या फॉन्ट-घराण्यातला कन्नड फॉन्ट लावला. तीन घराण्यांचे फॉन्ट एका बरणीवर. एकसारखेपणाच्या नावाने मी जे भाषण करते त्यात हे सांगत नाही.

व्हॉट्सॲपवरचं दरपत्रक हा शेवटचा बदल, आणि दिराला तो आवडलेला नाही. तो दर महिन्याला देखणं चित्र करून पाठवायचा. सांगलीच्या एक नियमित गिऱ्हाईक आहेत, त्यांना दिसत नाही, फोन त्यांना संदेश वाचून दाखवतो. त्या दर महिन्याला फोन करून भाव विचारायच्या आणि आम्हाला वाटायचं, गप्पा मारायला करतात. चित्रातली अक्षरं त्यांच्या फोनला वाचताच येत नव्हती. आता चित्राच्या खाली तेच दर साध्या मजकुरात, एका ओळीत एक जिन्नस. मागच्या महिन्यात त्यांची ऑर्डर मेसेजने आली. शेवटी लिहिलं होतं, 'मेतकूट पण करता हे माहीत नव्हतं, अर्धा किलो पाठवा.'