जुनी छोटी पेट्रोल गाडी: मराठवाड्यात दीड वर्ष चालवल्यानंतर

गाडी 2014 ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. सेकंडहँड घेतली तेव्हा मीटर पाऊण लाखाच्या पुढे गेलेलं होतं. राहतो अंबाजोगाईला. रोजचं जाणं-येणं परळी रस्त्यावर, मधूनमधून लातूर, नाहीतर केज-नेकनूरमार्गे बीड, आणि कधी जालन्याहून समृद्धी महामार्ग. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याची गरजही नाही. या किमतीतल्या बहुतेक गाड्यांची ठेवण एकच असते: ओढ पुढच्या चाकांना, मागे ड्रम ब्रेक, साधं सस्पेन्शन. त्यामुळे त्यांची दुखणीही सारखीच.

मत आधीच सांगतो. गाडी चांगली आहे आणि मी ती ठेवणार आहे. या वर्गात इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा दगा देत नाहीत. दगा देतात ते रबर, पाणी आणि वायरी. आणि खिसा रिकामा होतो तो बिघाडापेक्षा चुकीच्या निदानाने. पाचशेचा पार्ट गेलेला असतो आणि पाच हजारांचा बदलला जातो, आवाज मात्र तसाच राहतो.

सगळ्यात आधी गाडी गरम होण्याबद्दल, कारण आपल्याकडे गाडीचं आयुष्य त्यावरच ठरतं. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या घरात, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि समोर मांजरसुंब्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवर चढणारा लोड ट्रक. ही परीक्षा पुण्या-मुंबईच्या गाडीला रोज द्यावी लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीचा तापमानाचा काटा रेल्वे फाटकावर थांबलं की वर सरकायचा आणि रस्त्याला लागलं की खाली यायचा. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडताच सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, इंजिन उघडावं लागेल. मी गाडी घेऊन आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी आधी इंजिन चालू ठेवून एसी लावायला सांगितला आणि म्हणाले, "फॅन फिरतो का ते तर बघू द्या सर, इंजिन कुठं पळून चाललंय."

फॅन फिरत नव्हता. रिले, म्हणजे फॅनला वीज देणारा स्विच, गेला होता. दोन-तीनशे रुपयांचं काम.

यातली खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. थांबल्यावर गरम होते आणि पळताना निवते, तर संशय फॅनवर: रिले, फ्यूज, मोटर, सेन्सर. पळताना, चढावर गरम होते, तर रेडिएटर चोंदलेला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला किंवा वॉटर पंप थकलेला. हेड गॅस्केटचा नंबर यानंतर. त्याच्या खुणा वेगळ्या असतात: सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा, बाहेर कुठेही गळती नसताना कमी होणारं पाणी, आणि चालू इंजिनवर रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे. यातलं काहीच नसेल तर इंजिन उघडू देऊ नका.

फॅन झाला तरी चाचांनी रेडिएटर रिकामा करायला लावला. खालचा पाइप काढल्यावर जे बाहेर आलं ते हिरवं कूलंट नव्हतं, विटकरी पाणी होतं. बोटांवर घेतलं तर बारीक कचकच लागली. आधीच्या मालकाकडे त्यात बोअरचं पाणी पडत राहिलं होतं, हे उघड होतं. आपल्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि उष्णता अडवून धरतो. वर साध्या पाण्यात गंज रोखणारी द्रव्यं नसतात, त्यामुळे आतलं लोखंड आणि ॲल्युमिनियम खात जातं. कूलंट नेहमी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाण्यातच मिसळायचं, साधारण निम्मं-निम्मं. तयार मिश्रणाचा कॅन मिळतो, तो आणखी सोपा. रेडिएटर साफ करून, थर्मोस्टॅट आणि झाकण नवं टाकून हे काम उरकलं.

झाकणाला लोक किंमत देत नाहीत. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा. त्या दाबामुळे आणि कूलंटमुळे आतलं द्रव 120 अंशांच्या पुढेपर्यंत उकळत नाही. झाकणाच्या रबराला चिरा पडल्या की दाब टिकत नाही, आणि बाकी सगळं धड असूनही पाणी उकळून बाहेर येतं. माझं जुनं झाकण नखाने दाबलं तर रबर लाकडासारखं टणक झालेलं होतं. आणि एक कळकळीची विनंती. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका, कपडा धरूनही नाही. आत दाबलेलं द्रव असतं, झाकण सुटलं की ते थेट तोंडावर येतं. रस्त्यात काटा चढला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, तो इंजिनची उष्णता ओढून घेतो. उन्हात नकोसं होतं, पण सुरक्षित जागा मिळेपर्यंत तेवढं निभतं. काटा तरीही लालमध्ये गेला तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. पुढचं गाव चार किलोमीटरवर आहे म्हणून दामटलेल्या गाड्यांचेच हेड वाकतात.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक प्रकार होतो. सोयाबीनच्या राशी चालू असतात, भुसकट रस्त्यावर उडत असतं आणि ते एसी कंडेन्सरच्या जाळीत जाऊन बसतं. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्यामुळे एसीचा गारवा कमी होतो आणि इंजिनही तापतं. अशा वेळी गॅस भरून घेऊ नका. आधी कमी दाबाच्या पाण्याने जाळी धुवा, केबिन फिल्टर बघा. गॅस बंद नळीत असतो, आपोआप संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकत नाही.

आता खडखडाट. ही गाडी घेतली तेव्हापासून खराब रस्त्यावर पुढून टकटक यायची. ऐकणारा प्रत्येकजण म्हणायचा, शॉकअप गेले. शॉकअप गेले की गाडी खड्ड्यानंतर झुलत राहते, शॉकअपच्या नळीवर तेलाचे ओघळ दिसतात, टायर लाटेसारखे झिजतात. इथे तसं काही नव्हतं. लहान-लहान खड्ड्यांवर, हळू वेगात, कोरडा टकटक आवाज म्हणजे बहुतेक वेळा स्टॅबिलायझरचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड. गाडी पिटवर घेऊन हाताने लिंक रॉड हलवला की सांध्यातला ढिलेपणा कळतो. दोन्ही बाजूंचे बदलले, टकटक गेली. काही महिन्यांनी ब्रेक मारताना धप्प असा एक ठोका यायला लागला. तो लोअर आर्मच्या (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) रबरी बुशचा. बुश प्रेस करून बदलता येतो, पण बॉल जॉइंटही ढिला असेल तर पूर्ण आर्म टाकणंच परवडतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करायलाच हवी.

चाकांकडून येणारे बाकीचे आवाज कान देऊन ऐकले तर स्वतःच नाव सांगतात. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली आणि कटकट-कटकट आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्याच्या रबरी बुटाला चीर पडते, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं आणि काळ्या मातीचा चिखल आत जातो. पावसाळ्याआधी टॉर्च लावून बूट बघा. चीर वेळेत सापडली तर बूट आणि ग्रीसवर भागतं, नाहीतर अख्खा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं वळणावर कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग. ते बदलायला टाळाटाळ नको.

सकाळी सेल्फ न घेणं हे दुसरं नेहमीचं दुखणं. इथेही लोक सरळ बॅटरी बदलतात. आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी बघा. निगेटिव्ह वायर आधी काढायची, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा टाकून धुवायचं, कोरडं करून घट्ट बसवायचं, वर थोडं व्हॅसलिन. मग साधा मल्टिमीटर लावा. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 च्या खाली म्हणजे बरीच उतरलेली. इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5 दिसायला हवेत. तेवढे येत नसतील तर बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) किंवा बेल्ट बघा. बॅटरी थंडीत बंद पडते, पण ती मरते उन्हाने. मे महिना पत्र्याच्या शेडमध्ये काढलेली बॅटरी डिसेंबरात दगा देते.

या काळात घेतलेली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा, ॲपमध्ये कोड दिसतो. पावसाळ्यात गाडी झटके द्यायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लागला. कोड पी-0301, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं). चारही प्लग, चारही कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या), इंजेक्टर क्लीनिंग असा मोठा हिशेब समोर आला असता. चाचांनी फक्त पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर नेली. कोड पुसून गाडी फिरवली, पी-0303 आला. दुखणं कॉइलबरोबर फिरलं, म्हणजे दोष कॉइलचाच. एक कॉइल बदलली, बाकी कशाला हात लावला नाही. स्कॅनर पार्टचं नाव सांगत नाही, दिशा दाखवतो. तपासणी तुमच्या मिस्त्रीलाच करावी लागते, आणि ती करणारा मिस्त्री मिळाला तर त्याला धरून राहा.

सिग्नलवर आरपीएम खाली-वर होणं, थांबताना गाडी बंद पडणं यासाठी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून घ्या. आपल्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यातच बघायचा. पेट्रोलबद्दल विचारणारे बरेच आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ई-20 वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, ॲव्हरेज थोडं घटणारच. जुन्या गाड्या ते धरून बनवलेल्या नाहीत, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसला वाकवून बघतो. चीर दिसली की बदलायचा. गाडी महिना-महिना उभी ठेवणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.

क्लच चौथ्या गिअरला तपासा: ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो आणि वेग तिथेच, तर प्लेट संपली. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच लागते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उकळबिंदू बराच खाली येतो, मग घाट उतरताना पेडल मऊ पडतं.

समृद्धीवर जाणाऱ्यांनी टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचावा. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर काँक्रीटवर, दुपारच्या उन्हात, 100-120 च्या वेगाला भरवशाचं नसतं. माझे मागचे दोन टायर याच कारणाने बदलले. हवा सकाळी, टायर थंड असताना, दरवाज्याजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच.

सध्या दोन कामं राहिली आहेत. इंजिनचं एक माउंटिंग, म्हणजे रबरी आधार, खचलंय, सिग्नलवर एसी लावला की स्टीअरिंग थरथरतं. आणि मागच्या ड्रममधून धूळ बसल्याची किरकिर येते. दोन्ही दसऱ्याआधी उरकून घेणार आहे. ज्यांना ही गाडी किंवा हिच्यासारखी दुसरी घ्यायची आहे त्यांनी खुशाल घ्यावी. फक्त बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जा, रेडिएटरचं झाकण उघडा आणि आतल्या पाण्याचा रंग बघा.