रत्नागिरीतलं मुलांचं काउन्सेलिंग सेंटर, माझ्याकडून ४ स्टार

शाळेचं नाव काढलं की लेकीच्या पोटात दुखायचं, डॉक्टर म्हणाले काही नाही, म्हणून इथे गेलो तर मॅडम म्हणतात पोरीला आणू नका, तुम्ही दोघंच या. ह्यांना वाटलं पैसे उकळतायत. पण पद्धत खरी आहे, अमेरिकेत येल विद्यापीठात खूप भीती-काळजी वाटणाऱ्या १२४ मुलांवर अभ्यास झालाय, नुसतं आईबाबांना शिकवलं तरी मुलांच्या थेरपीइतकाच फरक पडला. आता ती "आई गेटवर थांबशील ना?" विचारते तेव्हा एकच वाक्य, "भीती वाटतेय ते कळतंय मला, पण तुला जमेल", आणि मी सरळ निघते. आजीला पटवणं महाकठीण हो, तिचं लगेच "र्‍हाऊंदे गो आज घरी"! एक स्टार कापला कारण पावसात लाईट गेली की वेटिंगमध्ये नुसती घामाघूम, आणि पार्किंगच्या नावाने बोंब.