ताकेदा की आझुची?

क्योटोत एकच मोकळा दिवस, कुठला पडका किल्ला बघू, असं भाचीनं विचारलं. दोन्हीकडे वाडा-बुरूज नाहीत, उरलेत ते चौथरे आणि दगडी तट.

आझुची ट्रेननं तासाभरावर. ताकेदाला जाण्या-येण्यातच अर्धा दिवस जातो. शिवाय फोटोतला धुक्यावर तरंगणारा ताकेदा शरदातल्या पहाटेचा, तोही समोरच्या डोंगरावरून दिसणारा! म्हणजे आदल्या रात्री मुक्काम आलाच.

दम दोन्हीकडे लागतो. आझुचीच्या पायऱ्यांत चक्क दगडी बुद्धमूर्ती बसवल्यात. पाय टाकताना कसंतरीच होतं. ओदा नोबुनागा या जपानी सरदाराचा हा किल्ला १५७९ला उभा राहिला, १५८२ला जळाला.

एकच दिवस आणि इतिहासाची ओढ असेल तर आझुची. कॅमेरा, सवड आणि पहाटे उठायची तयारी असेल तर ताकेदा. भाची नऊला उठते.