मलवरचे गरुड: सवड काढूनच जा

स्कॉटलंडच्या मल बेटावर लॉखकाठच्या (लॉख म्हणजे तिकडचं तळं किंवा खाडी) लपणात तीन तास बसलो. पहिला तास नुसता पाऊस, बाकही ओलं. मग मादी मासा घेऊन घरट्यावर उतरली. एवढी राकट चोच, पण इवले इवले तुकडे तोडून भरवत होती! थोरलं पिल्लू पुढे घुसायचं, धाकटं मागे ताटकळत. (आमच्या घरी मी धाकटी.)

पांढऱ्या शेपटीचे हे गरुड ब्रिटनमधून नामशेष झाले होते. १९७५ पासून नॉर्वेतली पिल्लं रम बेटावर सोडली. १९८५ साली मलवर पहिलं पिल्लू उडालं.

बघणाऱ्यांना घरट्याजवळ जाऊ देत नाहीत, ते योग्यच. मोबाइलच्या फोटोत ठिपकाच येतो, दुर्बीण हवीच. आणि मिज नावाच्या चिलटांसाठी जाळीची टोपी.